तीन सारखे वाटे

त्या घरातले मोठे निर्णय उभ्याने व्हायचे. शिंपीकामाच्या दुकानाच्या मधोमध कापड कापायचं लांबलचक टेबल होतं आणि कापणाऱ्याला चारी बाजूंनी फिरावं लागतं म्हणून त्याच्याभोवती खुर्च्या ठेवायची सोयच नव्हती. रविवारी दुकान बंद असलं की सगळी भावंडं त्या टेबलाला रेलून उभी राहायची, वाद घालायची, आणि पाय दुखायला लागले की आपोआप एकमत व्हायचं. वडील, ज्यांना घरीदारी सगळे मास्तर म्हणायचे, हयात असताना म्हणायचे, या मंडळींना खुर्च्या दिल्या असत्या तर थोरल्याचं लग्नसुद्धा अजून ठरलं नसतं.

आजही सगळे उभे होते. फक्त आई बसली होती. खिडकीजवळ उजेडात तिची खुर्ची, मांडीवर शाळेच्या शर्टांचा गठ्ठा आणि हातात सुई. बटणं लावायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट तिन्ही मुलांनी आळीपाळीने नको म्हणून सांगून पाहिलं होतं. दोन महिन्यांत ती इतकी उतरली होती की स्वतःचे कपडे तिने दोनदा आत घेतले होते, आणि दोन्ही वेळा उसवता येतील असे सैल टाके घातले होते. पुढे अंगाला लागलं तर सोडायला बरे, असं म्हणाली होती. ते ऐकून वहिनी आत जाऊन रडली होती.

"तर," दादाने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. दुकान बंद असलं तरी टेप त्याच्या गळ्यात असायचाच. "सिस्टर, डॉक्टर गुरुवारी काय म्हणाले ते परत एकदा सांग. भाऊची बस तेव्हा रस्त्यावर होती. त्याने अर्धंच ऐकलंय."

धाकटी इस्पितळात नर्स होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मधल्या भावाने थट्टेने तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात कुणाला साधं पडसं झालं तरी आधी सिस्टरला फोन जायचा. डॉक्टर काय म्हणाले हे नंतर, सिस्टर काय म्हणाली ते आधी, अशी त्या घराची रीत होती.

"गाठ आतड्यातली होती," धाकटी म्हणाली. बोलताना ती टेबलाच्या कडेवरची खडूची पूड बोटाने गोळा करत होती. "आता ती तेवढ्यापुरती राहिलेली नाही. यकृतावर दोन ठिकाणी डाग आहेत. त्यामुळे लगेच ऑपरेशन नाही करता येणार. आधी सहा वेळा सलाईनमधून औषध द्यायचं, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. मग परत तपासण्या. आणि मग बघायचं."

"आणि त्याचे किती, तेही सांगून टाका वन्सं," वहिनी म्हणाली. "म्हणजे एकदाच काय तो धक्का बसू दे."

धाकटीने आकडा सांगितला. धक्का कुणालाच बसला नाही, कारण गुरुवारपासून प्रत्येकाने तो आकडा मनातल्या मनात शंभरदा घोकला होता. फक्त सगळ्यांसमोर बोलला गेल्यावर तो जरा जास्तच खरा वाटायला लागला.

मधला भाऊ बस चालवायचा. कुठलाही हिशेब तो स्टिअरिंगवर बोटं वाजवल्यासारखा टेबलावर बोटं वाजवत करायचा. "म्हणजे तिसरा हिस्सा होतो..."

"तिसरा हिस्सा नाही," दादा म्हणाला. "मी दुकान विकायचं म्हणतोय."

बोटं थांबली. वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की हे तिने आत्ताच पहिल्यांदा ऐकलं हे सगळ्यांना कळलं.

"मला विचारलंत का?"

"विचारतोय ना आता."

"विचारताय कुठे? सांगताय!"

"शेजारचा तयार कपडेवाला दोनदा येऊन गेला," दादा वहिनीकडे न बघता भावाला म्हणाला. "त्याला मधली भिंत पाडून मोठं दुकान करायचंय. भाव बरा देतोय. आणि मला कटर म्हणून ठेवून घ्यायला तयार आहे. पगार ठरलाय."

"याच टेबलावर?" भाऊने विचारलं.

"टेबल त्याला नकोय. मशीनवर कापतात ते आता, एका वेळी साठ थर. मी शिकून घेईन."

छप्पन्न वर्षांचा माणूस मी शिकून घेईन म्हणाला, तेव्हा धाकटीला त्याच्याकडे बघवेना. बारा वर्षांचा असल्यापासून तो या टेबलाशी उभा होता. मास्तर गेल्यावर दुकान त्याने ओढलं. हॉटेलांचे, शाळांचे, रखवालदारांचे गणवेश. गावातल्या निम्म्या लोकांची मापं त्याला तोंडपाठ होती, आणि एखादा जाड झालेला माणूस रस्त्यात दिसला की तो हळूच म्हणायचा, कंबर चाळीस, मानायला तयार नाही.

"तीस वर्षं मालक म्हणून उभे राहिलात तिथे आता नोकर म्हणून उभे राहणार," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढत नव्हता, उलट बसत चालला होता. "आणि मी? माझं मशीन कुठे ठेवू, त्याच्या गोदामात?"

"वहिनी बरोबर बोलतेय," भाऊ म्हणाला. "दुकान विकायचा प्रश्नच येत नाही. आपला नियम आहे दादा. तीन वाटे. मी सोसायटीतून कर्ज काढतो, सिस्टर तिचं बघेल, तू तुझं बघ."

"मी माझं कुठून बघू? शाळांची ऑर्डर यंदा निम्मीच आली, माहितेय ना तुला?"

"मग दुकान गेल्यावर कुठून बघणार आहेस?"

"दुकान आईच्या नावावर आहे. तिचं दुकान, तिचं आजारपण. कुणाच्या वाट्याचा प्रश्नच नको." दादा खिडकीकडे वळला. "आई, तुला काय वाटतं?"

आईने दोरा दाताने तोडला. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि पुढचं बटण घेतलं.

गेले आठ महिने ती हेच म्हणत होती. पोटात पहिल्यांदा कळ आली तेव्हा, तपासण्या झाल्या तेव्हा, गोळ्या सुरू केल्या तेव्हा आणि त्या थांबवल्या तेव्हाही. ऐकणाऱ्याला ते फार सोयीचं होतं. आईची काही हरकत नाही, असं म्हणून सगळे पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. आताही तसेच वळले.

तीन वाट्यांचा नियम आईचाच. मास्तरांच्या शेवटच्या दुखण्याचा सगळा खर्च दादाने एकट्याने केला होता, कारण तेव्हा भाऊला नुकती नोकरी लागली होती आणि धाकटी शिकत होती. केला तो केला, पण पुढे दोन वर्षं घरात कुठलाही विषय निघाला की गाडी तिथेच येऊन थांबायची. तेव्हा कोण उभं राहिलं होतं? शेवटी भाऊने घरी येणंच सोडलं. वर्षभर आला नाही. मग एका रविवारी आईने तिघांनाही टेबलाशी बोलावलं, खडूने टेबलावर एक लांब रेघ ओढली, टेप लावून तिचे तीन सारखे भाग केले आणि म्हणाली, यापुढे या घरात कुठलाही मोठा खर्च असाच. कुणाचा हात वर नको आणि कुणाचा खाली नको. ज्या दिवशी एकाने जास्त दिले त्या दिवशी मी ते घेणार नाही.

नियमाने घर जोडलं, यात शंका नाही. भाऊ परत यायला लागला. पंप बसवला, छप्पर दुरुस्त केलं, सगळं तीन वाट्यांत. धाकटीला त्या नियमाचा सगळ्यात जास्त अभिमान होता. बहिणी माहेराहून नेतात असं लोक म्हणतात. ती देत होती, आणि भावांच्या बरोबरीने देत होती. म्हणूनच तिचं तोंड उघडत नव्हतं. कारण आई आज या खुर्चीत अशी का बसली आहे, हे त्या खोलीत एकट्या धाकटीला माहीत होतं. आणि आज ती बोलली नाही, तर दादा संध्याकाळी दुकान विकून मोकळा होणार होता आणि जन्मभर ते नशिबाच्या नावावर टाकणार होता.

"खर्च मी करते," ती म्हणाली.

"तुझा वाटा तू करशीलच," भाऊ म्हणाला.

"वाटा नाही. सगळा मी करते. दुकान विकू नका."

वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे एवढे आहेत?"

"निम्म्याहून थोडे जास्त आहेत. जादा ड्युट्या केल्यात पाच महिने. ह्यांची गाडी विकली. बाकीचे उभे करीन."

"गाडी विकली? कधी?"

"झाले काही महिने."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" भाऊने विचारलं. "अगं, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?"

दादाचं लक्ष त्या प्रश्नाकडे नव्हतंच. त्याचा चेहरा तांबडा होत चालला होता. "एकटी करणार म्हणे! मास्तरांच्या वेळी मी एकट्याने केलं, तर तुम्ही दोघांनी मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत. आणि आता ही येऊन मोठेपणा करणार!"

"सोय आम्ही ठेवली नव्हती की तू?" भाऊ म्हणाला. "जेवायला बसलं की घास तोंडात जायच्या आत बिलं मोजायचास."

"मोजली तर काय चुकलं? भरली होती म्हणून मोजली!"

"झालं, निघाली मास्तरांची बिलं," वहिनी म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत काही खरं नाही." एरवी यावर कुणीतरी हसलं असतं.

"आईने घातलेला नियम आहे," दादा म्हणाला. "एकाने जास्त दिले तर ती घेणार नाही. आणि तू तर सगळेच द्यायला निघालीस. का? तू कोण मोठी लागून गेलीस? कारण सांग. नाहीतर मी आत्ता त्याला फोन करून हो सांगतो, विषय संपला." त्याने खिशातून फोन काढलाही.

"नको करू," धाकटी म्हणाली. "दादा, फोन ठेव. हे माझ्यामुळे झालंय."

"काय तुझ्यामुळे झालंय?"

"आईची गाठ एवढी वाढली ती." तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. एवढी वर्षं लोकांना वाईट बातम्या सांगायच्या खोलीत उभी राहिलेली बाई, पण स्वतःची बातमी कशी सांगायची ते तिला येत नव्हतं. "आठ महिन्यांपूर्वी मी आईला सर्जनकडे घेऊन गेले होते ना, तेव्हा त्यांनी ऑपरेशन सांगितलं होतं. महिन्याच्या आत काढून टाका म्हणाले होते. आई पडद्यामागे कपडे नीट करत होती. ते माझ्याशीच बोलले, नर्स म्हणून, हळू आवाजात. मी हो हो म्हटलं. आणि बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, की घाई नाही, गोळ्यांनी बघू."

आईची सुई कापडात अर्धी गेलेली तशीच थांबली.

"म्हणजे त्या गोळ्या..." वहिनी म्हणाली.

"पोटदुखीच्या होत्या. साध्या."

"मी चार महिने घड्याळ लावून दिल्या त्या." वहिनी हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. "एकदा दहा मिनिटं उशीर झाला तर मी आईंची माफी मागितली होती."

"का?" भाऊने विचारलं. "सिस्टर, का?"

"माझ्याकडे वाटा नव्हता."

मग ते सगळं बाहेर आलं, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. नवऱ्याने मित्राच्या शीतगृहात सगळी पुंजी घातली होती आणि मित्र ते बंद करून निघून गेला होता. घरात ठेव म्हणून काही उरलं नव्हतं. तिने मनाशी हिशेब केला होता: चार महिने, फार तर पाच. तेवढ्यात जादा ड्युट्या करून वाटा उभा राहील आणि मग ती स्वतःच म्हणेल, चला, आता ऑपरेशन करून टाकू. वॉर्डात तिने अशा गाठी वर्ष-वर्ष तशाच राहिलेल्या पाहिल्या होत्या. न राहिलेल्याही पाहिल्या होत्या. पण तेव्हा तिला पहिल्याच आठवल्या, कारण त्याच आठवायला हव्या होत्या. पाचव्या महिन्यात पैसे जमले. ती आईला तपासणीला घेऊन गेली. स्कॅनचा फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी धरून बघितला तेव्हाच तिला कळलं होतं. मग दोन महिने ही तपासणी, ती तपासणी, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, असं करत तिने नुसता वेळ काढला. गुरुवारी तोही संपला.

"अगं पण सांगायचं होतंस!" दादा ओरडलाच. "आम्ही काय परके होतो? तुझा वाटा आम्ही घातला असता!"

"कुठल्या तोंडाने सांगणार होते? छपराच्या वेळी भाऊने तीन महिने मागितले होते. आठवतं, मी काय म्हणाले होते?"

दादाला आठवेना. भाऊला आठवत होतं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "वाटा म्हणजे वाटा. ज्याला जमत नाही त्याने छपराखाली येऊ नये." मग म्हणाला, "बायकोच्या बांगड्या मोडल्या होत्या मी तेव्हा."

धाकटीला रडू आलं. तिला रडायचं नव्हतं, कारण रडणाऱ्याला लोक समजावतात आणि तिला समजूत काढून घ्यायचा हक्क नव्हता. पण आलं. तिला आता ती सर्जनची खोली आठवत होती. हो, सर, म्हणताना आपला आवाज किती शहाण्यासारखा लागला होता, तेही आठवत होतं. तिथे फक्त मागे वळून पडदा बाजूला करायचा होता आणि आईला सांगायचं होतं. तेवढंच.

सगळ्यात आधी भाऊ बोलला. तो टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला होता. "मी एक सांगतो," तो म्हणाला. "तू घाई नाही म्हणालीस तेव्हा मला खटकलं होतं. आमच्या डेपोतल्या एकाला तसलंच झालं होतं आणि त्याला आठवड्यात कापलं होतं. मला वाटलं, विचारावं, कागद दाखव म्हणावं. नाही विचारलं. कारण मला बरं वाटलं होतं, सिस्टर. म्हटलं, चला, वाटा इतक्यात काढायला नको. मुलीची फी भरायची होती."

"तू तिची बाजू घेऊ नको," दादा म्हणाला.

"बाजू नाही घेत. माझी सांगतोय."

"आणि तुम्ही?" वहिनी दादाकडे वळली. "तुम्ही सांगा ना. की मी सांगू?"

"मी काय?"

"ते ओव्हरलॉक."

कोपऱ्यात मशीन होतं. कडा शिवायचं, नवंकोरं, झाकलेलं. दादाने तिकडे पाहिलं आणि त्याचा ताठा उतरला. "आईला पोटात गाठ आहे कळलं तेव्हा मी वाट्याचे पैसे बाजूला काढून ठेवले होते," तो म्हणाला. "सिस्टर म्हणाली घाई नाही. मी एकदाही उलटून विचारलं नाही. त्याच आठवड्यात मशीन बुक केलं. म्हटलं, शाळांच्या सीझनला होईल." त्याने टेबलावरचा टेप उचलून गुंडाळायला घेतला. "एवढी मोठी गाठ गोळ्यांनी कशी जाईल, हे मलाही कळायला हवं होतं. मी काही लहान नव्हतो."

"आपण कुणीच लहान नव्हतो," भाऊ म्हणाला.

आणि मग विचित्रच झालं. थोड्या वेळापूर्वी एकमेकांचे गळे धरायला निघालेली ती तीन भावंडं टेबलाच्या एका कोपऱ्यात जवळजवळ उभी राहिली. दादाने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. जादा ड्युट्या करून स्वतःचे काय हाल करून घेतलेस, म्हणाला. भाऊ म्हणाला, चूक काही एकटीची नाही, आपली तिघांचीही आहे. वहिनीने पाण्याचा ग्लास आणून दिला. धाकटीच्या छातीवरचा दगड आठ महिन्यांत पहिल्यांदा थोडा हलका झाला. दोषाचेही तीन सारखे वाटे पडले होते आणि आपला वाटा आपल्याला पेलेल, असं तिला वाटलं. असं वाटल्याची लाज तिला नंतर फार वर्षं पुरली.

"झालं का वाटून?" आई म्हणाली.

चौघांनीही एकदम वळून पाहिलं. ती तिथेच होती, आणि सगळा वेळ तिथेच होती. सगळं बोलणं तिच्यासमोर झालं होतं आणि तरीही, खरं सांगायचं तर, मधली काही मिनिटं ते तिला विसरूनच गेले होते.

"आई..." दादाने सुरुवात केली.

"थांब. तुमचं ऐकलं मी. आता माझं ऐका." तिने मांडीवरचे शर्ट उचलून बाजूला ठेवले. "गेले आठ महिने मी तुम्ही म्हणाल तसं म्हणतेय. मला वाटायचं, तुम्ही म्हणाल. आज म्हणाल, उद्या म्हणाल. म्हणाल की आई, बास झाल्या गोळ्या, आपण ती गाठ काढून टाकू. मी वाट बघत होते."

"मग तू का नाही बोललीस?" भाऊने विचारलं. विचारल्यावर त्यालाच ते विचारायला नको होतं असं वाटलं.

"मी कशी बोलू? माझ्यासाठी खर्च करा, असं मी कसं म्हणू? नियम मी घातलेला, पैसे तुमच्या तिघांच्या खिशातले. मागायची लाज वाटली मला. म्हटलं, सिस्टरला कळतंय, ती काही आईचं वाईट करणार नाही." ती धाकटीकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. "तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी झाली, हिला काय, सत्तरी ओलांडली. मला जगायचं होतं रे. कळ यायची ना, तेव्हा मी बटणं मोजायचे. इतकी लावून होईपर्यंत कुणीतरी ऑपरेशनचं बोलेल."

वहिनी हुंदका दाबायचा प्रयत्न करत होती, पण तो दबत नव्हता.

"अजूनही जगायचंय मला," आई म्हणाली. "म्हणून विचारते. सिस्टर, इकडे बघ. सहा वेळा ते औषध घेतलं तर किती दिवस, आणि नाही घेतलं तर किती? डॉक्टरांचं नको. तुला काय वाटतं ते सांग, आणि या वेळी खरं सांग."

धाकटीने डोळे पुसले. "घेतलंस तर वर्ष. कदाचित दीड. त्रास होईल, केस जातील, उलट्या होतील. नाही घेतलंस तर चार-पाच महिने."

"मग घेते." आई दादाकडे वळली. "विक दुकान. माझ्या नावावर आहे ना? मीच विकते. कुठे सही करायची ते सांग."

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. वहिनीला तर नाहीच. राहू दे गं, दुकान ठेवा, माझं काय आता, असं काहीतरी आई म्हणेल आणि मग सगळे तिला आग्रह करतील, अशी प्रत्येकाच्या मनात कुठेतरी तयारी होती. ती तशीच वाया गेली. दादा टेबलावर हात फिरवत उभा राहिला. "विकतो," तो शेवटी म्हणाला. "सिस्टरचेही असू देत. लागतील."

"सगळ्यांचेच असू देत. जास्त, कमी, जसे असतील तसे. मी घेते. मला आता कुणाचा हात वर की खाली ते बघायचं नाही."

दादा फोन करायला दाराशी गेला. भाऊ त्याच्यामागे गेला. बोलायचं काही नव्हतं, पण दादाने एकट्याने तो फोन करू नये असं त्याला वाटलं. वहिनी शर्टांचा गठ्ठा उचलून मशीनकडे नेत होती. खिडकीजवळ त्या दोघीच राहिल्या. धाकटी खाली बसली, आईच्या पायाशी, आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेली. पण आईचा गुडघा किंचित बाजूला सरकला, म्हणून तिने हात परत घेतला.

"अजून एक," आई म्हणाली. आवाज इतका हळू होता की धाकटीला वर बघावं लागलं. "तेव्हाच काढली असती तर?"

हा प्रश्न येणार हे तिला आठ महिने माहीत होतं. त्यासाठी तिच्याजवळ उत्तरंही तयार होती. काही सांगता येत नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. जर-तरला काही अर्थ नसतो. वॉर्डात ती ही वाक्यं रोज बोलायची, आणि लोक त्यांवर विश्वास ठेवायचे.

"बरी झाली असतीस," ती म्हणाली.

आईने मान हलवली. मग तिने वहिनीला हाक मारली आणि आपल्याला आत नेऊन निजवायला सांगितलं.